हौशीचं अठरावं नख

आक्का,

परवा तुझं तेरावं झालं. जेवणं उरकली, पाहुणे आपापल्या वाटेला लागले आणि मी कराडला परत आलो. अंगात कसर आहे असं सांगून आज दवाखान्यात गेलो नाही. कसर नाही, तोंड दाखवायला नको वाटतंय. तुला वाचता येत नव्हतं म्हणून तू असताना मी तुला कधी एक ओळ लिहिली नाही. लिहिली असती तर कुणाकडून तरी वाचून घ्यावी लागली असती, आणि मला जे लिहायचं होतं ते तिसऱ्याच्या तोंडून तुझ्या कानावर जावं एवढी माझी छाती नव्हती. आता तिसरा कुणी लागणार नाही, म्हणून लिहायला बसलो. हा भित्रेपणाच आहे, पण तुला तो नवा नाही.

गेलेल्या माणसाचे गुण सांगावेत अशी रीत आहे. मी ते करून बघितलं. पण तुझा एक गुण आठवला की त्याच्या शेजारी माझी एक लबाडी येऊन बसते, आणि मग तुझ्याबद्दल लिहायचं सोडून मी स्वतःचीच उलटतपासणी घ्यायला लागतो. तेव्हा तुझे गुण राहू देत. मी तुला हौशीच्या पायांबद्दल सांगतो. तुला सगळं ठाऊक आहे, पण माझ्या तोंडून तू ते कधी ऐकलेलं नाहीस.

हौशी आणली तेव्हा मी अजून पलटणीत गेलो नव्हतो. आटपाडीच्या माळावर कुणाच्या तरी कुत्रीला सहा पिल्लं झाली होती. दाजींना तांबडं पिल्लू पाहिजे होतं, कान टवकारलेलं. तू मात्र एकेक पिल्लू मांडीवर उताणं घेऊन, डोळे मिटून, नुसत्या बोटांनी त्यांचे पाय चाचपत बसलीस. शेवटी सगळ्यांत किरकोळ, चिपाडासारखी एक मादी उचललीस आणि म्हणालीस, ही. दाजी वैतागले. तू पिल्लाचा मागचा पाय त्यांच्या पुढं धरलास. टाचेच्या वर, आतल्या अंगाला, एक इवलंसं नख लोंबत होतं. दुसऱ्या पायालाही तसंच. दाजींनी मग तांबड्या पिल्लाचा नाद सोडला.

साध्या कुत्र्याला अठरा नखं असतात. पुढच्या पायांना पाच-पाच, मागच्यांना चार-चार. पुढच्या पायाचं पाचवं नख जमिनीला टेकत नाही, ते वर असतं, आपल्या अंगठ्याच्या जागी. एखाद्याच कुत्र्याला तसलं वरचं नख मागच्या पायांनाही येतं, आणि मग त्याची वीस भरतात. असं विसनखी कुत्रं लांडग्याला पाठ दाखवत नाही, मेंढरांची राखण सोडत नाही, असं आपल्याकडं सगळेच मानतात. पण तुझ्या लेखी त्यात आणखी काहीतरी होतं, आणि ते मला फार उशिरा कळलं. तुला मोजता येत होतं ते विसापर्यंतच. मेंढरं मोजताना वीस झाली की एक खडा ओच्यात टाकायचीस आणि पुन्हा एकपासून सुरू करायचीस. पाच इसा आणि वर सात, हा तुझा हिशेब. वीस म्हणजे तुझं पुरतं भरलेलं माप. हौशी तुला जन्मतःच भरून मिळाली होती.

मला मात्र शंभराच्या पुढं मोजता येत होतं. आबांनी मला शाळेत घातलं आणि मेंढरांमागं तुला पाठवलं. मी मराठी सातवी झालो. तुझं लग्न झालं तेव्हा सासरी जाताना तू मला बजावलंस की पुस्तक सोडू नकोस. मी सोडलं नाही. त्याच पुस्तकाच्या जोरावर पुढं तुला हसायला शिकलो.

दर अमावस्येला दिवस मावळायच्या आधी तू हौशीला पुढ्यात घ्यायचीस. वाटीत गोड्या तेलात कालवलेली हळद असायची आणि शेजारी एक खरखरीत दगड. आधी जमिनीला टेकणारी सोळा नखं मोजायचीस. प्रत्येक नख दोन बोटांत धरून, मुळाशी जरा दाबून, बोटांच्या बेचक्या उकलून. ती सोळा तू भराभरा उरकायचीस. मग वरची चार. सतरावं पुढच्या उजव्या पायाचं, अठरावं डाव्याचं, एकोणिसावं आणि विसावं मागच्या पायांचं. इथं तुझा हात सावकाश चालायचा. केस बाजूला करायचीस, नखाखाली बोट घालून बघायचीस, आणि मग प्रत्येकाचं टोक दगडावर घासायचीस, तांदळाच्या दाण्याएवढं जाईपर्यंत. शेवटी तेल-हळद. दुसरे मेंढपाळ त्या नखांना हातही लावत नसत. टोक गेलं की विसनखीपण गेलं अशी त्यांची समजूत होती. तू म्हणायचीस, घासलेलं चालतं, फक्त लोखंड लावायचं नाही. हा नियम तुला कुणी सांगितला ते मी कधी विचारलं नाही.

मग मी लढाईवर गेलो. लढाई कसली, खेचरांची पलटण. खेचरांच्या पाठीवरच्या जखमा धुता धुता ड्रेसर झालो. मलम लावणं, पट्टी बांधणं, खूर साफ करणं यात माझा हात चांगला बसला, हे खोटं नाही. आमच्या सलोतरी साहेबाकडं, म्हणजे जनावरांच्या डॉक्टराकडं, दोन शिकारी कुत्रे होते. त्यांच्या पायांना वरची नखंच नव्हती. मी विचारलं तर साहेब म्हणाला की ती बिनकामाची असतात, झुडपात अडकून फाटतात, म्हणून पिल्लू चार दिवसांचं असतानाच कापून टाकायची. त्यांच्या भाषेत त्या नखाला दवाचं नख म्हणतात, असंही त्यानं सांगितलं. जमिनीला टेकत नाही, नुसतं गवतावरचं दव त्याला लागतं म्हणून. मी हे सगळं पाठ करून ठेवलं. मला वाटलं, गावाकडं गेल्यावर आपण काहीतरी नवीन सांगू.

आणि सांगितलं. परत आल्यावरची पहिलीच दिवाळी. मी भाऊबिजेला दोन दिवस आधीच तुझ्याकडं आलो, खाकी पाटलोण, पत्र्याची पेटी आणि डोक्यात साहेब घेऊन. त्या संध्याकाळी अमावस्या होती. तू हौशीला घेऊन बसलीस. भोवती दाजी होते, तुझे दोन दीर होते, शेजारच्या वाड्यातली चार माणसं पलटणीच्या गोष्टी ऐकायला आलेली होती. तू मोजायला लागलीस तसं सगळ्यांचं लक्ष माझ्यावरून उडालं, आणि ते मला सहन झालं नाही. खरं कारण एवढंच होतं, आक्का. बाकी सगळं ज्ञान नंतर आलं.

मी म्हणालो की आमच्या साहेबाची कुत्री हजारात उठून दिसायची, पण एकालाही वरचं नख नव्हतं. मग म्हणालो की सारखं मोजलं म्हणून नखाला नख फुटतं काय. माणसं हसली. हसली तशी मला चेव आला. मी तुझी नक्कल केली. डोळे मिटून, मान हलवून, तुझ्या आवाजात मोजलं आणि विसावर येऊन अडखळल्यासारखं केलं. तुला पुढं येत नाही हे सगळ्यांना माहीत होतं. दाजीसुद्धा हसले. तू वाटीतलं उरलेलं तेल हौशीच्या पायांना पुसलंस, उठलीस आणि मला जेवायला वाढलंस. शेवयांची खीर होती. मी तीन वाट्या खाल्ल्या.

त्यानंतर आपला वाद सुरू झाला तो मागच्या दोन नखांवरून. मी म्हणत होतो, ही नुसती कातड्याला लोंबतात, आत हाड नाही, बोराटीच्या काट्यात अडकली तर फाटतील, मला कापू दे. यात चूक काही नव्हतं. तू एवढंच म्हणायचीस, फाटली तर बघू, आत्ता कशाला तोडायची. पुढच्या नखांबद्दल मी म्हणालो की तीही तशीच फुकटची. तेव्हा तू मला ओढ्याकाठी नेलंस. हौशी मेंढरामागं पळाली होती आणि चिखलात तिनं गर्रकन वळण घेतलं होतं. तू बोटानं दाखवलंस. चार नखांच्या ओरखड्यांशेजारी, जरा मागं, पाचवा बारीक ओरखडा होता. "बग बापू, वळताना टेकतंय ते. हाडूक धरतानाबी तेच लावती." मी म्हणालो, चिखलात काहीही उमटतं. आता दवाखान्यात डॉक्टरांचं एक जाड पुस्तक आहे. त्यात मी स्वतः वाचलं आहे की पुढच्या वरच्या नखाला हाड असतं, सांधा असतो, आणि जोरात वळताना कुत्रं त्याचा टेकू घेतं. वाचलं त्याला दोन वर्षं झाली. तुझं बरोबर होतं हे तुला सांगायला माझ्याकडं दोन वर्षं होती.

एक मात्र सांगितलं होतं. दवाचं नख म्हणतात ते. तुला ते फार आवडलं. म्हणालीस, म्हंजे त्यास्नी बी कौतिक हाय की त्याचं. त्या दिवशी आपण दोघं मिळून हसलो होतो. तसं आपण पुन्हा हसल्याचं मला आठवत नाही.

आता दवाखान्यातली गोष्ट. ती टाळायची म्हणून एवढं लांबण लावलं.

मला कराडच्या गुरांच्या दवाखान्यात ड्रेसरची जागा मिळून दोनच महिने झाले होते. तुमची मेंढरं नेहमीप्रमाणं कृष्णाकाठच्या शेतांत खतासाठी बसायला आली होती. तो बाजाराचा दिवस होता. एका मोठ्या बागायतदाराचा खिलारी बैल आणला होता आणि ते गृहस्थ खुर्ची टाकून ओसरीवर बसले होते. डॉक्टर पुण्याचे, तरुण, बोलायला गोड. पण त्यांच्यापुढं आपण कोण, कुठले, हे शक्यतो निघू नये असं मला वाटायचं. मी त्यांना गाव सांगितलं होतं, घरची शेती आहे असं सांगितलं होतं. मेंढरं आहेत हे सांगितलं नव्हतं.

तू फाटकातून आत आलीस. खांद्यावर घोंगडं, पायात दाजींच्या जुन्या वहाणा, अंगाला मेंढरांचा वास, आणि मागं तीन पायांवर उड्या मारत हौशी. मला बघून तू हसलीस. तुझं तोंड 'बापू' म्हणायला उघडलंच होतं. तेवढ्यात डॉक्टरांनी विचारलं, कोण हो ही, तुमच्या ओळखीची?

"नाही साहेब," मी म्हणालो. "कुणीतरी मेंढरंवाली दिसते."

आणि मग तुझ्याकडं वळून, सगळ्यांना ऐकू जाईल असं, मी विचारलं, "कुठनं आलात बाई तुम्ही? काय झालंय कुत्रीला?"

तू माझ्याकडं बघितलंस. मग मान खाली घातलीस, पदर डोक्यावर पुढं ओढलास आणि म्हणालीस, "लांबनं आलोय, सायेब. तेवढा पाय बघा तिचा. आठ दिस झालं लंगडती."

तू मला सायेब म्हणालीस. माझी लाज राखायला तू माझ्याच खोट्यात येऊन उभी राहिलीस, आणि मला त्या क्षणी काय वाटलं सांगू? सुटलो असं वाटलं.

हौशीला मात्र हे नाटक कळलं नाही. ती शेपूट हलवत माझ्या अंगावर आली, हात चाटायला लागली. बागायतदार म्हणाले की कुत्रीला ड्रेसर भलताच आवडलेला दिसतो. मी हात मागं ओढला. तिचा पुढचा डावा पाय उचलला, तळवा बघितला, बोटांच्या बेचक्यांत काटा आहे का ते बघितलं. नव्हता. पाय सुजलेला होता हे हाताला लागत होतं. पण वर, केसांच्या आत, मी बोट घातलं नाही. तुला लवकरात लवकर फाटकाबाहेर घालवायचं होतं मला. मुरगळलाय, असं म्हणून टिंक्चर फासलं आणि चार दिवस फिरवू नका असं सांगून पाठ वळवली. मेंढरांच्या कुत्रीला चार दिवस बसवून ठेवायचं कसं, हे माझ्याएवढं दवाखान्यात कुणालाच ठाऊक नव्हतं. तू हात जोडलेस आणि गेलीस. डॉक्टर बैलाकडं वळले. दवाखान्याच्या वहीत मी तुझ्या नावाच्या जागी काय लिहिलं ते तुला सांगत नाही.

बारा दिवस मी तुमच्या तळावर फिरकलो नाही. तेराव्या दिवशी, रविवारी, पेढ्यांचा पुडा घेऊन आलो. तू मेंढरं कोंडायच्या वाघरीची जाळी सांधत बसली होतीस. मला बघून नेहमीसारखी उठलीस, पाणी दिलंस, पुडा उघडून पहिला पेढा हौशीला घातलास. हौशी चारही पायांवर उभी होती, डावा जरा उचलून. मी पायाची चौकशी केली तेव्हा तू सगळं सांगितलंस.

दवाखान्यातून आल्यावर दोन दिवसांनी पायाला वास यायला लागला. तू तिला पुढ्यात घेतलंस आणि कितीतरी महिन्यांनी पुन्हा नखं मोजायला बसलीस. सोळा निभावली. सतरावं निभावलं. अठराव्याला बोट लागलं तशी ती किंचाळली आणि हौशी जन्मात पहिल्यांदा तुला चावली. केस बाजूला केलेस तर वरचं नख वाढून गोल वळलं होतं आणि त्याचं टोक तिच्याच मांसात रुतलं होतं. खाली टेकत नाही ते नख, झिजणार कसं? घासलं नाही तर वाढतच राहतं. आत पू झाला होता. तू लिंबाचा पाला उकळून त्या कोमट पाण्यात पाय बराच वेळ धरलास, कातडं मऊ होईपर्यंत. मग लोकर कातरायची कातर घेतलीस. नखाच्या मुळाकडं शीर असते, तिला धक्का न लावता वळलेलं टोक तोडलंस आणि रुतलेला तुकडा उपसून काढलास. पू पिळलास, हळद भरलीस, लुगड्याची चिंधी बांधलीस आणि चाटू नये म्हणून दोन दिवस तिला मांडीशी घेऊन बसलीस. मेंढरांमागं दाजी एकटेच गेले. तुझ्या मनगटावर चावल्याची खूण अजून ओली होती.

डॉक्टरांच्या पुस्तकात यापेक्षा वेगळं काही लिहिलेलं नाही.

तुझं मोजणं म्हणजे काय होतं ते मला तिथं, तुझ्या समोर बसल्यावर कळलं. मी ज्याला अडाणीपणा म्हणालो होतो ती तपासणी होती. प्रत्येक नखाला महिन्यातून एकदा हात लागायचा, म्हणून काटा, सूज, वाढलेलं टोक काहीच सुटत नव्हतं. विसाचा आकडा नुसता पूर्ण आहे का बघायचा म्हणून वीसही नखं सांभाळली जात होती. मी इतके दिवस एकोणिसाव्या-विसाव्यावरून तुझ्याशी भांडत होतो आणि घात झाला तो अठराव्यात.

मी विचारलं की मोजायचं का सोडलं होतंस. तू जाळीची गाठ आवळत म्हणालीस, "सगळी हसली नव्हं का रं त्या दिवशी. मग हौशीला घिऊन बसायची मला लाज वाटाय लागली. तुजं काय न्हाई त्यात, माजंच चुकलं." मग म्हणालीस, "लोकंड लावावं लागलं, बापू. तेवढं वाईट वाटलं."

तेव्हा तरी मी बोलायला हवं होतं. दोनच वाक्यं होती. दिवाळीत चुकलो, आणि दवाखान्यात चुकलो. पेढ्याचा पुडा मी त्याचसाठी आणला होता. पण मी काय बोललो आठवतं तुला? कातर उकळून घेतली होतीस का, असं विचारलं. जखमेला चिंधी बांधू नये, स्वच्छ पट्टी बांधावी, असं सांगितलं. तू ऐकून घेतलंस. हो म्हणालीस. पुढच्या वेळी पट्टी तुझ्याकडनंच नेईन, असंही म्हणालीस, आणि पुन्हा कधी दवाखान्याची पायरी चढली नाहीस.

त्यानंतर तुम्ही दोनदा नदीकाठाला येऊन गेलात. मी तळावर यायचो, जेवायचो, दाजींशी पाऊसपाण्याचं बोलायचो. प्रत्येक वेळी ठरवून यायचो की आज सांगू. या पावसाळ्यात सरकारनं जिल्ह्याचे दोन तुकडे केले, तू दक्षिण साताऱ्यात गेलीस आणि मी उत्तरेत राहिलो. मोटारीच्या ड्रायव्हरकडं तू निरोप पाठवला होतास: आता तू दुसऱ्या जिल्ह्यातला सायेब, येताना हौशीला वळख दाखव. मला माहीत आहे की तू चेष्टा केली होतीस. पण 'वळख' हा शब्द ऐकून मी दोन दिवस जेवलो नव्हतो. दसऱ्याला येऊन नक्की बोलायचं असं मी ठरवलं. दसरा अजून यायचा आहे.

आणखी एक सांगायचं राहिलं. दवाखान्यात कुणी कुत्रं घेऊन आलं की मी आता नखं मोजून दाखवतो. वरचं नख विसरू नका म्हणतो. अमावस्येची अमावस्या केस बाजूला करून बघा, मुळाशी दाबून बघा, टोक वळायला लागलं की दाण्याएवढं घासा, शिरेपर्यंत जाऊ नका, रक्त आलंच तर हळद दाबून धरा. मागच्या पायाचं लोंबतं नख झुडपात फाटलं तर ओढू नका, बांधून इकडं आणा. लोकांना पटतं. माझं नाव झालंय. डॉक्टरांनी एकदा विचारलं, हे मोजायचं कुठं शिकलात? मी म्हणालो, पलटणीत.

तू तापानं फणफणलीस आणि चार दिवसांत आटोपलीस. मी पोचलो तेव्हा मागं काही उरलं नव्हतं. तेराव्याला आलेल्या माणसांत माळावरचे बरेच मेंढपाळ होते. ते एकेक करून माझ्यापाशी येऊन बसले. एक म्हातारा म्हणाला, "आवं, हौशीचा पाय तुमीच वाचवलासा म्हणं. आक्का समद्यांस्नी सांगायची. माज्या भावानं दवा दिली म्हणून कुत्री उभी ऱ्हायली." दुसऱ्यानं दुजोरा दिला. तिसऱ्यानं आपल्या कुत्र्याच्या पायाबद्दल विचारलं. मी त्यांच्यात बसून मान डोलावत राहिलो. तुझ्या तेराव्याच्या दिवशी, तुझ्या दारात, तुझं श्रेय माझ्या अंगावर टाकलं जात होतं आणि मी ते घेत होतो.

दुपारी ते सगळे उठल्यावर मात्र मला बसवेना. दाजी बाभळीखाली एकटेच तंबाखू मळत होते. मी त्यांच्यापुढं जाऊन बसलो आणि सगळं ओकलो. हौशीचा पाय मी वाचवला नाही, मी तो नीट बघितलासुद्धा नाही. तुमच्या बायकोला मी चारचौघांत ओळख दाखवली नाही. बाई म्हणालो, कुठल्या म्हणून विचारलं. त्यांनी मला शिव्या द्याव्यात, हाकलून द्यावं असं मला फार वाटत होतं. तेवढीच हलकं व्हायची सोय होती.

दाजींनी तंबाखू तशीच मुठीत धरून ठेवली. मग म्हणाले, "म्हाईत हाय मला, पाव्हणं. त्याच दिवशी सांगिटलं तिनं. हसतच आलीती तळावर. म्हणली, आमचा बापू लय मोठा झाला. समद्यांम्होरं मला तुमी म्हणला. उभ्या जल्मात मला कुणी तुमी म्हणलं न्हवतं."

एवढं बोलून ते मेंढरांकडं गेले. तू खरंच हसत आली होतीस, की नवऱ्यापुढं भावाची अब्रू जाऊ नये म्हणून वाटेत कुठंतरी तोंड धुऊन हसू आणलं होतंस, हे त्यांना विचारायचं धाडस मला झालं नाही. आक्का, सगळ्या आयुष्यात मी तुला एकदाच तुम्ही म्हणालो, आणि ते तू माझी कुणी नाहीस हे सांगायला.